शहरातील कॉलेज निवडताना सुरक्षिततेचा विचार

ऊस विकास विभाग



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा कॉलेजच्या चौकश्याच जास्त होतात. "साहेब, पोराला आकुर्डीला घालू का आळंदीला? फी किती पडेल? नोकरी लागते का?" हे सगळे विचारून झाले की उठता उठता एखादी माऊली हळूच म्हणते, "तिथं पोरगी नीट राहील ना हो?" आमच्या मते हा प्रश्न शेवटी नव्हे, फीच्याही आधी विचारावयास हवा. नुसता विचारून भागत नाही, तो तपासावा लागतो. आपण उसाला तोड देताना एका पेराचा ब्रिक्स बघून थांबत नाही, शेंडा आणि बुडखा दोन्हीकडचे वाचन घेतो. कॉलेजचे गेट, संगमरवरी पायऱ्या आणि शिपायाचा सलाम हा झाला नुसता शेंडा.

पिंपरी-चिंचवड ही 1982 साली महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या पाठोपाठ आकुर्डी, निगडी, ताथवडे, वाकड, आळंदी, तळेगाव अशा भागांत कॉलेजे उभी राहिली. पण चाकणच्या पट्ट्यात रस्ते मुख्यतः माल वाहून नेण्यासाठी वापरले जातात. विद्यार्थी त्यातून वाट काढत जातात. म्हणून "कॉलेज सुरक्षित आहे का" असे एकदम विचारू नये. आपले लेकरू दिवसाचे चोवीस तास कुठे कुठे असणार, ते मांडावे. कॉलेजच्या आवारात सहा-सात तास. बाकीचे तास रस्त्यावर आणि खोलीवर. आमच्या पाहण्यात काळजीची जागा बहुधा त्या बाकीच्या तासांतच असते.

प्रथम रस्ता. चाकणचा तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक ज्यांनी पाळी सुटण्याच्या वेळी पाहिला आहे, त्यांना जास्त सांगायला नको. कंटेनर, ट्रेलर, कामगारांच्या बसेस आणि त्यांच्या मधून शिरणाऱ्या मोटारसायकली. वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला असलेला दुचाकीवाला चालकाला दिसतच नाही. उसाची ट्रॉली हाकणाऱ्या आपल्या मंडळींना हे ठाऊक आहे, पण अठरा वर्षांच्या पोराला ठाऊक नसते. तरीही उसाची पहिली उचल हातात आली की पोराला मोटारसायकल घेऊन देण्याची आपल्याकडे भारी घाई! आमचे स्पष्ट मत असे की पहिले वर्षभर गाडी देऊ नये. त्याऐवजी राहण्याची जागा लोकल किंवा मेट्रोच्या वाटेवर पाहावी. पुणे-लोणावळा लोकलवर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव ही स्टेशने आहेत. मेट्रो मार्च 2022 मध्ये पिंपरीहून सुरू झाली आणि सप्टेंबर 2024 पासून थेट स्वारगेटपर्यंत जाते. भाडे थोडे जास्त पडले तरी स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली परवडते.

गावी येण्याजाण्याचाही विचार व्हावा. 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या एस.टी. बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. ती गावी निघाली होती, आणि तुमची बस तिकडे लागली आहे असे सांगून तिला अंधारातल्या बसकडे नेण्यात आले. दोष सर्वस्वी त्या गुन्हेगाराचा, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे अशा वेळी बोट मुलीकडेच वळते. त्यातून घ्यायचे ते एवढेच की बस कोणती हे चौकशी खिडकीवर किंवा वर्दीतल्या वाहकालाच विचारावे, आणि शक्यतो उजेडी निघून उजेडी पोचावे.

आता खोली. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर कॉट बेसिसवर राहणे आले. आपण जमीन घेताना विहिरीत डोकावून पाहतो, बांध चालून पाहतो, मग पोराची खोली मात्र दलालाच्या मोबाईलवरच्या फोटोवरून का ठरवायची? स्वतः जावे, आणि दिवेलागणीनंतर जावे. दुपारी सगळेच रस्ते चांगले दिसतात. स्टेशन किंवा बसथांब्यापासून खोलीपर्यंत चालून पाहावे. दिवे लागतात का, दुकाने कधी बंद होतात, वाटेत मोकळे प्लॉट किती, हे सगळे पायांना कळते.

खोलीत शिरल्यावर आधी बाहेर पडण्याची वाट पाहावी. 30 ऑगस्ट 2023 रोजी चिखलीच्या पूर्णानगर भागात पहाटे दुकानाला आग लागली आणि तिथेच राहणारे एकाच कुटुंबातील चौघे गेले. खाली दुकान, वर माणसे आणि जाण्यायेण्याची वाट एकच, अशा जागा या पट्ट्यात पुष्कळ आहेत. भाडे कमी म्हणून विद्यार्थी तिथे राहतात. खिडकीला आतून न उघडणारे गज, जिन्यात गॅसच्या टाक्या, रात्री बाहेरून कुलूप, यांतले काहीही दिसले तर जागा सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट गॅस गिझरची. न्हाणीघर बंदिस्त, झरोका पुठ्ठ्याने बुजवलेला आणि आतच गिझर, म्हणजे साक्षात धोका. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला ना वास ना रंग. माणूस आंघोळ करता करता खाली बसतो तो उठत नाही. गिझर बाहेर बसवलेला असावा किंवा विजेचा असावा, असा आग्रहच धरावा.

भाड्याचा करार लेखी करून नोंदवणे हे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाचे काम आहे. जो मालक "कागद कशाला, आपण घरचीच माणसं" म्हणतो, त्याच्याकडे पोरगी तर नाहीच, पोरगाही ठेवू नये.

वसतिगृहाबाबत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : सुट्टीत काय? जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अकोल्याकडची एक विद्यार्थिनी तिच्या खोलीत मारली गेली. संशय तिथल्याच पहारेकऱ्यावर होता, आणि तो त्याच दिवशी रेल्वेखाली मृतावस्थेत सापडला. सुट्टीमुळे वसतिगृह बरेचसे रिकामे होते. तेव्हा अधीक्षकांना विचारावे, की मुली कमी उरल्या म्हणजे त्यांना एका मजल्यावर आणता का? रात्री आवारात महिला कर्मचारी राहते का? पहारेकऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? उत्तर देताना त्या चिडल्या, तर तेही एक उत्तरच समजावे.

मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहणारे पालक पुष्कळ. रॅगिंगला मुलगे जास्तच सापडतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होतो, आणि त्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढून पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार येऊनही प्राचार्यांनी दुर्लक्ष केले तर त्यांनी गुन्ह्याला साहाय्य केले असे धरले जाते. हिमाचल प्रदेशात 2009 साली एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये बळी गेल्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर नियम केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून जे प्रतिज्ञापत्र घेतात ते याच नियमांचे. आपले बरेच पालक ते न वाचताच सही ठोकतात. वाचले तर कळेल, की आपला मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्याला छळणारा निघाला तर काय होईल, तेही त्यात आहे. चोवीस तास चालणारा दूरध्वनी 1800-180-5522 असा आहे. तो पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.

मुलींसाठी 2013 च्या कायद्यानुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. तिची अध्यक्ष महिला असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. समितीची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, ते पाहावे. फलक पाच वर्षांपूर्वीचा आणि त्यातली निम्मी माणसे नोकरी सोडून गेलेली, असे आढळले तर समिती कागदावरच आहे असे समजावे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.

पोलिसांचे म्हणाल तर 15 ऑगस्ट 2018 पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र आयुक्तालय आहे, आणि चाकण, आळंदी, तळेगाव त्यातच येतात. तातडीचा नंबर 112. "ही आमची हद्द नव्हे" असे कुणी म्हणाले तर ऐकू नये. जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घेण्याची स्पष्ट तरतूद आहे.

काही सभासद हे सगळे ऐकून म्हणतात, "मग नकोच ते शहर. पोरीला गावातच ठेवतो, स्थळही आलंय." याला मात्र आमचा साफ विरोध आहे. वर्तमानपत्रातली एक बातमी दाखवून मुलीचे चार वर्षांचे शिक्षण तोडणे म्हणजे एका टिपरीवर किडा दिसला म्हणून सगळा फड पेटवणे. शिवाय 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. वसतिगृहाचा खर्च त्यात येत नाही. वाचलेला पैसा नेमका तिथे, चांगल्या जागेसाठी घालावा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. आपल्यातले कित्येक सभासद त्यात बसू शकतील, पण अर्जच करीत नाहीत. सात-बारा आणि उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवून कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर प्रवेशाच्या दिवशीच चौकशी करावी.

आणि जाताना एकट्या बापाने जाऊ नये, आईला बरोबर न्यावे. वसतिगृहात आधीच राहणाऱ्या मुली अधीक्षकांसमोर काही बोलत नाहीत, पण आई पाणी मागायच्या निमित्ताने मेसमध्ये जाऊन बसली तर पाच मिनिटांत सगळे सांगून टाकतात.