मोठा मासा जिवंत राहील तोवरच चालणारा व्यवसाय : टेक्सोमा सरोवरावरील कॅटफिशच्या सहली आणि आपले जलाशय

जलाशयातील मत्स्यव्यवसायाचा विचार आपण बहुधा उत्पादनाच्या भाषेत करतो. किती बीज सोडले, हेक्टरी किती किलो मासा निघाला, बाजारात काय दर मिळाला, या तीन प्रश्नांभोवतीच आपले नियोजन फिरते. परंतु काही देशांत याच जलाशयांवर एक निराळा व्यवसाय उभा राहिला आहे. त्यात मासा विकला जात नाही. मासा गळाला लागण्याचा अनुभव विकला जातो. हौशी मच्छीमार ठरावीक शुल्क देऊन स्थानिक जाणकाराच्या बोटीतून पाण्यावर जातो, दिवसभर गळ टाकतो, मोठा मासा लागला तर छायाचित्र काढतो आणि बहुतेक वेळा तो मासा पुन्हा पाण्यात सोडतो. अमेरिकेतील टेक्सोमा सरोवरावर कॅटफिशसाठी चालणाऱ्या अशा सहली हे या व्यवसायाचे बोलके उदाहरण आहे. भारतात मनोरंजनात्मक मत्स्यव्यवसायाचा समावेश प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत झालेला असल्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांकडे याविषयी विचारणा होणे स्वाभाविक आहे. त्या दृष्टीने या व्यवसायाचे शास्त्र, त्याची शिस्त आणि त्यातील धोका समजून घेणे आवश्यक ठरते.

सरोवर आणि त्यातील मासे

टेक्सोमा हे नैसर्गिक सरोवर नव्हे. टेक्सास आणि ओक्लाहोमा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीवर बांधलेल्या डेनिसन धरणामुळे ते निर्माण झाले. हे धरण १९४४ मध्ये पूर्ण झाले. पूरनियंत्रण आणि जलविद्युत हे त्याचे मूळ हेतू होते. मासेमारी हा त्यांत नव्हता. सुमारे ३६ हजार हेक्टर जलक्षेत्राचा हा जलाशय पुढे गळाच्या मासेमारीसाठी प्रसिद्धीस आला. आपल्याकडील बहुसंख्य मोठे जलाशयही सिंचन आणि विजेसाठीच बांधले गेले आहेत, त्यामुळे ही पार्श्वभूमी आपल्याला परकी वाटू नये.

या पाण्यात कॅटफिश म्हणजे मिशीवाल्या माशांच्या तीन प्रमुख जाती आढळतात. निळा कॅटफिश हा त्यांतील सर्वांत मोठा. चॅनल कॅटफिश आकाराने लहान असतो. अमेरिकेतील कॅटफिश संवर्धनाचा पाया हीच जात आहे. तिसरा चपट्या डोक्याचा फ्लॅटहेड. तो प्रामुख्याने जिवंत भक्ष्य पसंत करतो आणि बुडालेल्या झाडांच्या, खडकांच्या आडोशाला राहतो. या तिन्ही जाती या खोऱ्यातील मूळच्या रहिवासी आहेत, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे, तर सर्वांगाच्या त्वचेवर रुचिकलिका असतात. त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारातही केवळ वास आणि चव यांच्या आधारे तो भक्ष्य शोधतो. सहलीचे सारे तंत्र या एका गुणधर्मावर आधारलेले आहे.

सहलीचा एक दिवस

मार्गदर्शक पहाटेच जाळे टाकून शॅड नावाचे लहान चंदेरी मासे धरतो. हाच निळ्या कॅटफिशचा नैसर्गिक आहार असल्यामुळे त्याचे ताजे तुकडे आमिष म्हणून वापरले जातात. बोटीवरील ध्वनिलहरींच्या यंत्राने तळाचा चढउतार, जुन्या नदीपात्राची कड आणि शॅडचे थवे पाहिले जातात. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन एकतर बोट नांगरून गळ टाकले जातात, किंवा बोट संथ वाहू देऊन आमिष तळालगत ओढत नेले जाते. मोठ्या निळ्या माशांसाठी हिवाळा हा उत्तम हंगाम मानला जातो.

गळ वापरायचा तो बहुधा आतल्या बाजूस वळलेल्या टोकाचा, वर्तुळाकार. मासा आमिष घेऊन वळला की हा गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. घशात किंवा पोटात जाण्याचा संभव कमी राहतो. यात काठीला हिसका द्यावा लागत नाही, उलट हिसका दिला तर मासा सुटतो. नवख्या पाहुण्याला हे शिकविणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम असते. काठ्या, रीळ, आमिष आणि बोट ही मार्गदर्शकाची. मासेमारीचा परवाना मात्र ज्याने त्याने काढायचा. सरोवर दोन राज्यांत विभागलेले असल्याने दोन्ही बाजूंना चालणारा खास टेक्सोमा परवानाही उपलब्ध आहे. दिवसाच्या शेवटी खाण्याजोगे मध्यम आकाराचे मासे मार्गदर्शक साफ करून पाहुण्यांना देतो. म्हणजे पाहुणा रिकाम्या हाती परतत नाही. फक्त मोठा मासा पाण्यातच राहतो.

मोठा मासा का सोडायचा?

यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. निळा कॅटफिश प्रजननक्षम होण्यास साधारण चार ते सात वर्षे लागतात आणि तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तीस-चाळीस किलोचा मासा म्हणजे बहुधा दीड-दोन दशकांची वाढ. तो एकदा कापला की त्याची जागा पुढच्या हंगामातील बीजाने भरून निघत नाही. मांसाच्या दृष्टीने पाहिले तर मध्यम आकाराचे अनेक मासे तेवढेच वजन थोड्या वर्षांत देऊ शकतात. शिवाय मोठ्या, वृद्ध शिकारी माशांच्या शरीरात पारा आणि अन्य प्रदूषके अधिक साठत असल्याने खाण्यासाठी मध्यम आकाराचाच मासा योग्य समजला जातो.

म्हणूनच या सरोवरात ३० इंच, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा निळा कॅटफिश एका व्यक्तीला दिवसात एकच ठेवता येतो. मार्गदर्शकाला हा नियम जाचक वाटण्याचे कारण नाही. त्याच्या उद्याच्या ग्राहकाला दाखविण्याचा मालच त्यामुळे सुरक्षित राहतो. नियम पाळण्यात ज्याचा स्वतःचा लाभ आहे असा माणूस रोज पाण्यावर असणे, ही कोणत्याही जलाशयासाठी मोठी जमेची बाजू होय.

जिवंत माशाचे मूल्य काय असू शकते, हे याच सरोवरातील एका घटनेने दाखवून दिले. जानेवारी २००४ मध्ये येथे १२१.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५५ किलोचा निळा कॅटफिश गळाला लागला. त्या वेळी ती जागतिक नोंद ठरली. पकडणाऱ्याने तो जिवंत ठेवला आणि तो टेक्सासमधील अथेन्स येथील गोड्या पाण्याच्या मत्स्यकेंद्रात हलविण्यात आला. 'स्प्लॅश' या नावाने तो मासा तेथील मत्स्यालयाचे मोठे आकर्षण बनला आणि डिसेंबर २००५ मध्ये मरेपर्यंत लोक त्याला पाहण्यास येत राहिले. बाजारात त्याचे मोल एका दिवसाच्या दरापुरते राहिले असते.

तोच मासा, दुसरे पाणी

या व्यवसायाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. टेक्सोमातील यश पाहून कोणी म्हणेल की असा मोठा होणारा मासा आपल्या पाण्यातही आणून सोडावा. अमेरिकेतच हा प्रयोग झाला आहे. गळाच्या मासेमारीला चालना देण्यासाठी १९७० आणि १९८० च्या दशकांत व्हर्जिनिया राज्यातील जेम्स, रॅपाहॅनॉक आणि यॉर्क या नद्यांत निळा कॅटफिश सोडण्यात आला. तो तेथील मूळचा नव्हता. हौशी मच्छीमारांच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी ठरला. किंबहुना २०११ मध्ये १४३ पौंडांचा, सुमारे ६५ किलोचा विक्रमी निळा कॅटफिश व्हर्जिनियातील ज्या जलाशयात मिळाला, तेथेही तो बाहेरूनच आलेला होता.

मात्र हा मासा काही प्रमाणात खारे पाणीही सहन करतो. नद्यांमधून तो चेसापीक उपसागराच्या खाड्यांत पसरला आणि तेथील निळे खेकडे, शॅड, हेरिंग यांसारख्या मूळ जीवांवर ताव मारू लागला. या जीवांवरच तेथील पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका अवलंबून आहे. २०२३ मध्ये मेरीलँडच्या गव्हर्नरांनी आक्रमक माशांमुळे झालेल्या हानीपोटी मत्स्यव्यवसाय आपत्ती जाहीर करण्याची विनंती केंद्र सरकारकडे केली. आज तेथे 'हा मासा पकडा आणि खा' असा प्रचार करावा लागतो. टेक्सोमात ज्याला जपण्यासाठी नियम आहेत, त्यालाच चेसापीकमध्ये कमी करण्यासाठी धडपड चालू आहे. माशाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे; फरक आहे तो मूळच्या आणि परक्या पाण्याचा.

भारतातील अनुभव

आपल्याकडेही अशा सहलींचा अनुभव आहे, तो कॅटफिशऐवजी महाशीरचा. कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे येथे गळाच्या मासेमारीची शिबिरे अनेक वर्षे चालली. पकडलेला महाशीर सोडून देणे तेथे बंधनकारक होते आणि पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही स्थानिकांना मार्गदर्शक व राखणदार म्हणून काम मिळाले. हा भाग अभयारण्याच्या क्षेत्रात येत असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तरतुदींमुळे पुढे ती मासेमारी थांबली.

या शिबिरांनी मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र अत्यंत मोलाची ठरली. गालिबोरे येथील पकडीच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदवह्या संशोधकांनी अभ्यासल्या. त्यांतून असे दिसले की कावेरीतील मूळचा, कुबड असलेला महाशीर झपाट्याने घटत गेला आणि निळ्या पंखांच्या महाशीरचे प्रमाण वाढत गेले. या दुसऱ्या जातीचे बीज १९७० च्या दशकापासून संवर्धनाच्या सद्हेतूनेच कावेरीत सोडले गेले होते आणि ते महाराष्ट्रातील लोणावळ्याच्या बीजकेंद्रातून आले होते. कुबडाचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. हेतू चांगला असला तरी बाहेरचे बीज निरुपद्रवी ठरतेच असे नाही, आणि साधी नोंदवही किती मोठे काम करते, हे दोन्ही धडे या एकाच उदाहरणात सापडतात.

आपल्या जलाशयांसाठी विचार

आपल्या नद्या-जलाशयांत शिवडा, शिंगाळा, गूंच यांसारखे मूळचे मोठे मिशीवाले मासे आहेत. त्यांपैकी शिवडा आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. या जाती ज्या जलाशयात अजून बऱ्या संख्येने टिकून आहेत, तेथेच गळाच्या सहलींचा विचार होऊ शकतो. त्यासाठी पुढील मुद्दे विस्तार कार्यकर्त्यांनी आरंभीच तपासावेत.

१. हक्क आणि परवानगी : जलाशयावरील मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे, सहकारी संस्थेकडे की ठेकेदाराकडे, हे प्रथम पाहावे. थोड्या मुदतीच्या ठेक्यात मोठा मासा राखून ठेवण्यात ठेकेदाराला लाभ नसतो. संस्थेचा करार दीर्घ मुदतीचा असेल तरच हा व्यवसाय मूळ धरू शकतो. मत्स्यव्यवसाय विभाग आणि धरणाची मालकी असणारा विभाग, दोहोंची लेखी परवानगी घ्यावी. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील पाणी वगळावे.

२. मूळचेच मासे : आफ्रिकन मागूरच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे, त्याचे बीज कोणत्याही कारणाने पाण्यात जाऊ देऊ नये. पंगसचे संवर्धन नियमांच्या अधीन राहून बंदिस्त तलावातच करावे, खुल्या जलाशयात तो सोडू नये.

३. हंगाम : आपले बहुतेक मूळ मासे पावसाळ्यात प्रजनन करतात. त्या काळात सहली पूर्ण बंद ठेवाव्यात. कडक उन्हाळ्यात पाणी तापून त्यातील प्राणवायू घटतो आणि सोडलेला मासा दगावण्याचा धोका वाढतो. म्हणून हिवाळा हाच सोयीचा काळ.

४. मासा हाताळणे : हात ओले करावेत, पोटाखाली आधार द्यावा, जबड्याला धरून उभा टांगू नये. पाण्याबाहेरचा वेळ शक्य तितका कमी ठेवावा. मिशीवाल्या माशांच्या छातीच्या परांतील काटे खोल जखम करतात, म्हणून पाहुण्याच्या हाती मासा देताना मार्गदर्शकाने जवळ असावे.

५. सुरक्षा : बोटीवरील प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट सक्तीचे असावे. धरणातून पाणी सोडण्याच्या वेळा आणि वाऱ्याचा अंदाज ठाऊक असल्याशिवाय बोट काढू नये.

६. नोंद : तारीख, ठिकाण, जात, लांबी, मासा सोडला की ठेवला, एवढ्या पाच बाबी प्रत्येक सहलीत लिहाव्यात. काही वर्षांनी हीच वही जलाशयाच्या आरोग्याचा आरसा ठरेल.

सहलींमुळे जाळ्याची मासेमारी बंद व्हावी, असा याचा अर्थ नाही. रोहू, कटला यांसारख्या माशांचे उत्पादन हाच बहुसंख्य कुटुंबांचा आधार राहील. सहली हे त्याला पूरक उत्पन्न होय, आणि तेही काही मोजक्या ठिकाणीच. परंतु जेथे ते शक्य आहे तेथे आरंभाचे पाऊल बोट खरेदीचे किंवा बीज सोडण्याचे नसावे. गावातील जुन्या मच्छीमारांसोबत बसून, कोणते मोठे मासे पूर्वी कोठे मिळत आणि आज कोठे मिळतात, याची यादी प्रथम करावी. त्या यादीतील मासा पाण्यात शिल्लक असेल, तरच पाहुण्याला बोलवावे. तो शिल्लक नसेल, तर त्याला परत येऊ देण्याचे काम हाती घ्यावे. व्यवसायाचा विचार त्यानंतर करता येईल.