मळीमिश्रित पाण्याने मासे का मरतात? समजून घ्या

धाराशिव जिल्ह्यातील मुरुम परिसरात ऊस पिकतो. साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल बनते. एका लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर काळपट सांडपाणी, म्हणजे ‘स्पेंट वॉश’ उरतो. तो नदीत गेल्यास घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. ही ऑक्सिजनची गरज म्हणजे ‘बीओडी’. नदीत सोडण्याच्या सांडपाण्यासाठी तिची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. कच्च्या स्पेंट वॉशमध्ये ती हजारोंत जाते.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरोधात १९६९ मध्येच कायदा केला. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये, तर हवेसाठीचा १९८१ मध्ये आला. आता डिस्टिलरींनी सांडपाणी बाहेर सोडायचेच नाही, असा नियम आहे. दुष्काळी भागात घाण वाहून न्यायला नदीला पाणीच नसते. ती मुरते आणि विहिरी नासतात.