थंडींत जुनी मोटार बंद कां पडते ?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत शेतकऱ्याच्या अंगणांत ट्रॅक्टरच्या शेजारीं एखादी जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी अद्याप पुष्कळ ठिकाणीं उभी दिसते. मारुती ८०० चें उत्पादन १९८३ सालीं सुरू होऊन २०१४ सालीं थांबलें. परंतु पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पुनर्नोंदणी करून घेऊन या गाड्या आपल्या मालकांची सेवा करीतच आहेत. दुधाचे कॅन, डाळिंबाचे क्रेट, फवारणीचा पंप, आणि प्रसंगीं घरांतील आजारी माणूस, सर्व कांहीं त्यांतूनच जातें. अशा गाडीची एक तक्रार मार्गशीर्ष-पौषांत हटकून ऐकूं येते. पहाटे ती सुरू होते, पण पाय काढला कीं बंद पडते. दोन-तीन मैल गेल्यावर मात्र तिच्यासारखी गुणी गाडी नाहीं.

या तक्रारीवर पैसा फार वायां जातो, व तो कसा जातो याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. आमची गाडी २००६ सालची, इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली. एका जानेवारींत पहाटे घरांतील वडील माणसास दम लागला म्हणून कालव्याकडेच्या वस्तीवरून बारामतीस निघालों, तों पुलाच्या चढावर ती तीनदां बंद पडली. वेळेवर पोहोंचलों हें नशीब. पुढील महिन्याभरांत प्लग बदलले, टाकींतील पेट्रोलचा पंप बदलला, आणि शेवटीं “कॉम्प्युटर गेला असावा” असा निदानाचा आवाज निघाला, तेव्हां आम्हीं हात आवरला.

प्रथम गाडीची रीत समजून घेतली पाहिजे. पेट्रोल पातळ असतां जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली तरच तें जळतें. इंजिन थंड असलें म्हणजे फवारलेल्या पेट्रोलाचा बराच भाग नळीच्या थंड भिंतींस चिकटून राहतो व सिलिंडरांत पोहोंचणारें मिश्रण क्षीण होतें. शिवाय ऑइल दाट असल्यामुळें इंजिनास स्वतःला फिरविण्यासच अधिक बळ लागतें. म्हणून थंड इंजिनास पेट्रोल जास्त हवें, आणि हवाही जास्त हवी. कार्ब्युरेटरच्या काळीं हें काम चोक ओढून आपण करीत असूं. इंजेक्शनच्या गाडींत तें काम कॉम्प्युटर करतो, पण त्यास दोन चाकर लागतात. एक, कूलंटची उष्णता सांगणारा सेन्सर. दुसरा, थ्रॉटल मिटलेला असतांही त्याच्या बगलेनें हवा आंत सोडणारा लहानसा व्हॉल्व्ह. सेन्सरनें “थंडी आहे” असें सांगितलें कीं पेट्रोल वाढतें, व्हॉल्व्ह उघडतो, व इंजिन मिनिटास १२०० ते १५०० फेऱ्यांवर चालूं लागतें. ऊन होत जाईल तसतसें तें ८००-९०० वर उतरतें. साध्या ८०० मध्यें फेरे दाखविणारा कांटा नसतो. पण ज्यांचा कान विहिरीवरच्या ऑइल इंजिनावर तयार झाला आहे, त्यांस त्याची गरजही नाहीं.

यावरून एक गोष्ट निघते, व तीच निदानाची किल्ली होय. जो दोष थंडपणीं असतो आणि ऊन झाल्यावर जातो, तो बहुधा थंडीसाठीं केलेल्या व्यवस्थेंतच असतो. कॉम्प्युटर बिघडला असता तर गाडी दुपारींही रडली असती. धुराड्यांतील ऑक्सिजन सेन्सरावरही पुष्कळदां आळ येतो. परंतु तो सुमारें ३०० अंश तापल्यावांचून कामच सुरू करीत नाहीं, तेव्हां पहिल्या मिनिटांतील गुन्हा त्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे.

परीक्षा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करावी. गॅरेजपर्यंत चालवीत नेली कीं पुरावा वाटेंतच नाहींसा होतो. मिस्त्रीस दोष दिसत नाहीं आणि तो अंदाजानें भाग बदलतो. यांत मिस्त्रीचा दोष थोडा व आपला अधिक. गाडी संध्याकाळींच त्याच्याकडे ठेवून यावें व सकाळीं त्याच्यासमक्ष सुरू करावी.

किल्ली स्टार्टरच्या आधींच्या टप्प्यावर फिरवून पंपाचा गुणगुणाट थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेकंद, थांबावें. असें दोनदां करून मग स्टार्टर मारावा. एवढ्यानें गाडी नीट सुरू होऊन चालूं लागली, तर रात्रींतून पेट्रोलचा दाब उतरत आहे असें समजावें: पंपाच्या मुखाशीं असलेला परत न येऊं देणारा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत आहे. सुरू करण्यापूर्वीं अॅक्सिलरेटर दाबत बसण्याची जुनी संवय मात्र सोडावी. इंजेक्शनच्या गाडींत त्यानें पेट्रोल येत नाहीं.

गाडी सुरू होऊन मरूं लागली तर पाय किंचित् दाबून पाहावा. तेवढ्यानें ती तग धरीत असेल तर तिला हवा कमी पडत आहे. व्हॉल्व्ह काजळीनें अडला असण्याचा संभव फार. उलट पाय दाबतांच ती ठसकत असेल तर पेट्रोल कमी पडत आहे. सेन्सर खोटें सांगत असेल किंवा दाब कमी असेल. काळा धूर व पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल जास्त होत आहे.

सेन्सरची परीक्षा घरीं होते. मोटारीच्या स्टार्टरसाठीं आणलेला मल्टिमीटर पुष्कळांकडे असतो. २० अंशांच्या सुमारास या सेन्सरचा रोध साधारण अडीच हजार ओहम व ८० अंशांस साधारण तीनशें ओहम असतो. म्हणजे उष्णता वाढेल तसा तो घटतो. थंडपणींच तो पांच-सहाशें दाखवीत असेल तर सेन्सर “इंजिन ऊन आहे” असें सांगून पेट्रोल तोडवीत आहे. जोडणी गंजली तर उलट होतें: रोध वाढतो, कॉम्प्युटरला हिंवाळा भासतो व पेट्रोल उधळलें जातें. म्हणून सेन्सर बदलण्यापूर्वीं त्याची जोडणी घांसून स्वच्छ करावी; तिला खर्च नाहीं.

आमच्या गाडीचा दोष पायाच्या परीक्षेंत उघड झाला. थ्रॉटल बॉडी खोलली तों आंत काजळ व ऑइलचा चिकटा यांचा थर. आमच्याकडील मुरुमाच्या रस्त्यावरची धूळ त्यांत मिसळून त्याचें लुकण झालें होतें. बॅटरीची तार काढून, क्लीनरचा फवारा व मऊ ब्रश यांनीं बॉडी आणि व्हॉल्व्हची वाट धुतली. व्हॉल्व्हचा दांडा बोटांनीं ओढूं-दाबूं नये. पंप व प्लग यांवर हजारों रुपये गेले होते, हें काम दोन-अडीचशांत झालें. मग दुसरीच मौज. ऊन झाल्यावरही इंजिन धांवतच राहिलें; कारण मधल्या काळांत कोणीतरी गाडी मरूं नये म्हणून थ्रॉटलचा अटकाव-स्क्रू पिळून ठेवला होता. तो पूर्ववत् केला तेव्हां चाल जागेवर आली. या स्क्रूस कोणासही हात लावूं देऊं नये.

आणखी एक वाईट चाल आमच्या भागांत आहे. उन्हाळ्यांत गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग हिंवाळ्यांत इंजिन वेळेवर ऊन होत नाहीं, कॉम्प्युटर त्यास थंड समजून जास्त पेट्रोल पाजीत राहतो व सरासरी घसरते. परीक्षा सोपी आहे. गाडी सुरू केल्यावर रेडिएटरची वरची नळी कांहीं मिनिटें थंड राहून मग एकदम तापली पाहिजे. ती आरंभापासूनच हळूहळू कोमट होऊं लागली तर थर्मोस्टॅट नाहीं किंवा उघडाच अडकला आहे. रबरी नळ्या त्याच वेळीं पाहाव्या. थंडींत कडक झालेली, टोकाशीं चिरलेली नळी चोरून हवा घेते व चाल वरखालीं होते.

राहिला प्रश्न इथेनॉलचा. २०२३ पासून पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला व २०२५ पर्यंत तें देशभर पोहोंचलें. सोमेश्वर, माळेगांव येथल्यासारख्या कारखान्यांच्या डिस्टिलरींतून तें निघतें. तेव्हां आपलाच ऊस आपल्या टाकींत परत येतो, व दराच्या दृष्टीनें तें आपल्या हिताचें आहे. परंतु जुन्या गाडीस तें थंडींत थोडें जड जातें हें लपविण्यांत अर्थ नाहीं. इथेनॉलाची वाफ होण्यास पेट्रोलाच्या सुमारें अडीचपट उष्णता लागते. शिवाय एक भार पेट्रोलास १४.७ भार हवा लागते, तर इथेनॉलास फक्त ९. म्हणजे तितक्याच हवेस इंधन जास्त सोडावें लागतें. इंजिन ऊन असतां ऑक्सिजन सेन्सर ही उणीव भरून काढतो, थंडपणीं ती पुरती भरली जात नाहीं. यास्तव कडेवर असलेला सेन्सर किंवा अर्धा अडलेला व्हॉल्व्ह पूर्वीं खपून जात असे, तो आतां खपत नाहीं. इथेनॉल हवेंतील ओलही शोषून घेतें. ज्यांची गाडी ऊसतोडीच्या धांदलींत महिना-महिना उभी राहते, त्यांनीं टाकी अर्धी रिकामी ठेवूं नये, आणि जुन्या रबरी इंधन-नळ्या मऊ पडल्या किंवा पाझरूं लागल्या तर इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या मागून घ्याव्या.