उरण : बंदरगाव ते नित्यप्रवाशांचे नगर

प्रस्तावना

महानगराच्या परिघावरील ज्या गावातील नोकरदारांचा मोठा वर्ग सकाळी कामासाठी महानगराकडे जातो व सायंकाळी निवासासाठी परततो, त्या गावास ‘नित्यप्रवासी नगर’ असे म्हणता येईल. या नगरप्रकाराची परिचित उदाहरणे लंडनच्या परिसरात आढळतात. १८३८ मध्ये लंडन-साउदॅम्प्टन लोहमार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. तो किंग्स्टन या जुन्या बाजारगावापासून काही अंतरावरून गेला आणि तेथील स्थानकाभोवतीच्या शेतजमिनीवर सर्बिटन हे नवे नगर उभे राहिले. पुढे १९१५ पासून मेट्रोपॉलिटन रेल्वेने लंडनच्या वायव्येकडील आपल्या मार्गालगतच्या प्रदेशाची ‘मेट्रोलँड’ या नावाने जाहिरात केली व तेथील गृहबांधणीस चालना दिली. येथे क्रम स्पष्ट दिसतो : प्रथम रेल्वे, नंतर घरे आणि त्यातून नगर. मुंबईच्या उत्तरेकडील वाढही स्थूलमानाने याच क्रमाने झाली. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली. डोंबिवलीसारखी नगरे त्यानंतर विस्तारली.

रायगड किनाऱ्यावरील उरणच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झाला. येथे जमीन प्रथम गेली, उद्योग त्यानंतर आले आणि उपनगरी रेल्वे सर्वांत शेवटी आली. या उलट क्रमाचा उरणच्या सामाजिक स्वरूपावर काय परिणाम झाला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जलमार्गाचे गाव

मुंबई व उरण यांमध्ये केवळ बंदराचे पाणी आहे. तथापि खुष्कीच्या मार्गाने जाताना ठाण्याच्या खाडीला वळसा घालावा लागत असल्याने हे गाव दीर्घकाळ दूरचेच राहिले. भाऊचा धक्का ते मोरा ही लाँच सेवा हाच मुंबईशी जवळचा दुवा होता. मात्र मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागू शकत नाही. पावसाळ्यात खराब हवामानामुळेही फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. त्यामुळे येथील प्रवाशाला घड्याळाइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक सांभाळावे लागले. करंज्याहून रेवसकडे जाणाऱ्या तरीने हेच गाव अलिबाग तालुक्याशी जोडले गेले. भातशेती, मिठागरे व मासेमारी हे येथील अर्थव्यवहाराचे आधार होते. आगरी, कोळी व कराडी समाजांचे जीवन शेत, खाजण आणि खाडी यांच्याशी बांधलेले होते.

भूसंपादन व उद्योग

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवी मुंबईसाठी तत्कालीन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. पुढील दोन दशकांत ओएनजीसीचा तेल व वायू प्रक्रिया प्रकल्प, वायूवर चालणारे वीजनिर्मिती केंद्र आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बंदरासाठी शेवा गाव उठविण्यात आले व नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा येथे त्याचे पुनर्वसन झाले.

जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलनाच्या रूपाने पुढे आला. जानेवारी १९८४ मध्ये जासई व न्हावा-शेवा परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व आकारास आले. भूसंपादनाच्या इतिहासात या तत्त्वाचे महत्त्व मोठे आहे, कारण त्यामुळे शेतकरी हा केवळ भरपाईचा धनी न राहता विकासातील भागीदार ठरला. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. बंदर प्रकल्पग्रस्तांना इरादापत्रे मिळण्यास २०१४ साल उजाडले.

या टप्प्यात उरण हे इंग्लंडमधील नित्यप्रवासी नगरांच्या नेमके उलट होते. कामाची ठिकाणे गावातच होती. परंतु जमीन गमावलेल्या सर्वांना तेथे कायमची नोकरी मिळाली नाही. कंटेनर हाताळणी हा यंत्रप्रधान व्यवसाय आहे आणि त्यातील बरेचसे काम कंत्राटी पद्धतीने चालते. गावाच्या वाट्याला रोजगारापेक्षा अवजड वाहनांची वर्दळ अधिक आली.

रेल्वे व सेतू

नेरूळ-उरण लोहमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये, तर उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याच दिवशी शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या सुमारे २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचेही उद्घाटन झाले. द्रोणागिरी व उलवे येथील इमारतींना या तीन घटनांमुळे नवी बाजारपेठ लाभली.

मात्र ही दोन साधने एकाच वर्गाची नाहीत. अटल सेतूवर दुचाकीस प्रवेश नाही आणि मोटारीस पथकर भरावा लागतो. तो प्रामुख्याने मोटारधारकाचे अंतर कमी करतो. रेल्वे सर्वांना परवडते, परंतु तिचा मार्ग नेरूळ वा बेलापूरकडे वळून जातो. म्हणजेच एकाच गावातून एकाच महानगराकडे जाणाऱ्यांचे अंतर त्यांच्या उत्पन्नानुसार बदलते. मोऱ्याच्या लाँचचे महत्त्व म्हणूनच पूर्णपणे संपलेले नाही.

नगराचे दुहेरी स्वरूप

आजच्या उरण परिसरात दोन वस्त्या शेजारी नांदतात. एक नियोजित भूखंडांवरील बहुमजली नगर. तेथील रहिवासी बहुधा बाहेरून आलेला असून त्याचा दिवस अन्यत्र जातो. दुसरी मूळ गावठाणांची. कुटुंबे वाढली, पण गावठाणाची हद्द वाढली नाही. त्यामुळे हद्दीबाहेर जी घरे बांधली गेली त्यांना येथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. ती नियमित करण्याबाबत शासनाने वेळोवेळी निर्णय काढले आहेत. जमिनीचे मोल वाढते तसा हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण ज्या जमिनीवर नवे नगर उभे आहे तिच्या पूर्वीच्या मालकाचेच घर कागदोपत्री अनधिकृत ठरते. खाजणांवर व पाणथळ जागांवर भराव पडल्याने मासेमारीचे क्षेत्र आणि पाण्याच्या निचऱ्याच्या जुन्या वाटा आक्रसल्या, हीदेखील याच प्रक्रियेची दुसरी बाजू होय.

समारोप

सर्बिटनमध्ये रेल्वेने जमिनीला मोल दिले. उरणमध्ये रेल्वे येण्यापूर्वीच जमिनीचा मालक बदलला होता. त्यामुळे रेल्वे व सेतू यांनी वाढविलेल्या मोलाचा मोठा भाग मूळ रहिवाशाच्या हाती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाखेरीज येऊ शकला नाही. म्हणून उरणच्या वाढीचे मोजमाप केवळ प्रवासात वाचलेल्या मिनिटांनी करणे अपुरे ठरेल. गावठाणातील घराला कायदेशीर मान्यता मिळते काय, बंदरातील कामात स्थानिक तरुणास स्थान आहे काय आणि कोळ्याला खाडीपर्यंत वाट उरते काय, हे तीन निकषही त्यासोबत लावावे लागतील. किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी एकत्रितपणे अभ्यासावा असा हा विषय आहे. करंजा-रेवस पूल पूर्ण झाल्यानंतर हीच प्रक्रिया अलिबाग तालुक्यात वेग घेण्याची शक्यता आहे. तेथे तरी क्रम उलटा होऊ नये, यासाठी उरणचा अनुभव वेळीच नोंदला जाणे आवश्यक आहे.