खाटांमागे गेलेल्या मुली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव अशी गोटमार सुरू होते. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली. लोकांनी दगडच उचलले. झेंड्याचे, दगडांचे, रक्ताळलेल्या सदऱ्यांचे फोटो सगळेच छापतात. आमच्या संपादकांना या वेळी वेगळंच सुचलं. ‘काठावरच्या तंबूत पट्ट्या बांधणाऱ्या मुली कोण, त्या शिकल्या कुठे, ते बघून या,’ म्हणाले.

तंबूतल्या मुलींना त्या दिवशी मान वर करायला सवड नव्हती. एकीने हातातली कात्री न थांबवता एका सिस्टरांचं नाव सांगितलं: त्या नागपूरला शिकल्या, त्यांना सगळं माहीत आहे. त्या सिस्टरांनी सुटीच्या दिवशी घरी बोलावलं. नाव छापायचं नाही, दवाखान्याचंही नाही, अशी अट घातली. माहेर सौसर तालुक्यातलं, सासर पांढुर्ण्यात, बी. एस्सी. नर्सिंग नागपुरात, नोकरी सध्या एका खासगी दवाखान्यात.

या भागाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो नकाशावर बोट ठेवून सांगता येतो. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. संत्री, कापूस आणि मराठी बोलणारी सौसर-पांढुर्णा ही दोन गावं छिंदवाडा जिल्ह्यासकट मध्य प्रदेशात राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. राजधानी भोपाळला गेली, पण आजारी माणूस नागपूरलाच जातो. सौसरहून आणि पांढुर्ण्याहून निघालेले दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात आणि तिथून पुढे मेडिकल, मेयो या सरकारी आणि असंख्य खासगी हॉस्पिटलांकडे जातात.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलीही त्याच रस्त्याने जातात, आणि त्याचं कारण इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांतच आहे. 1947 च्या कायद्याने ही कौन्सिल झाली. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली होती. पदवीचं कॉलेज काढायचं तर स्वतःचं किमान 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण राखावं लागतं. वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृह पैशाने उभं राहतं. रुग्ण मात्र आधीपासून कुठेतरी जात असावे लागतात. इथले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या नागपूरला जात आले, म्हणून इथली मुलगी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन त्यांच्या मागोमाग निघते. महाराष्ट्रात सरकारी जागा हवी तर अधिवासाचा दाखला आडवा येतो. मध्य प्रदेशात पीएनएसटी ही प्रवेशपरीक्षा असते, पण त्या जागांसाठी अख्ख्या राज्यातल्या मुली बसलेल्या असतात. उरतात नागपूरची खासगी कॉलेजं आणि वडिलांचं कर्ज.

सिस्टरांनी कपाटातून एक जाड वही काढली. केसबुक. जुन्या, वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात पदवीच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने 20 नॉर्मल प्रसूती करायच्या असत आणि प्रत्येकीची नोंद या वहीत लिहून ट्यूटरची सही घ्यायची असे. (2021 मध्ये राजपत्रात आलेल्या नियमांनी आठ सेमिस्टर आणि क्रेडिट आणले, पण वही आणि सही आहेच.) 20 हा आकडा कागदावर लहान दिसतो. लेबर रूममध्ये एकाच पाळीत तुमच्या कॉलेजच्या, दुसऱ्या कॉलेजच्या, जीएनएम पदविकेच्या मुली आणि इंटर्न डॉक्टर असे सगळेच वाट बघत उभे असतात. सिस्टरांच्या वहीत पहिल्या काही नोंदी दिवसाच्या आहेत. नंतरच्या बहुतेक रात्री दोन ते पाच या वेळातल्या. ‘रात्री गर्दी कमी राहते ना,’ त्या म्हणाल्या. ‘मी ड्यूटी बदलून बदलून रात्रीच घेत होती.’

वहीच्या मध्ये घडी घातलेला एक आलेख होता, आणि मी खरा अडकलो तो तिथे. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. त्याच कागदावर बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती वेळ टिकली, आईची नाडी, रक्तदाब, लघवी. तोंड चार सेंटिमीटर उघडलं की नोंद सुरू होते. तिथून तासाला एक सेंटिमीटर या चढाने एक तिरपी रेषा आखलेली असते, ती अलर्ट लाइन. तिच्या उजवीकडे चार तासांवर तशीच समांतर दुसरी, ती अ‍ॅक्शन लाइन. बाईच्या प्रगतीचे ठिपके पहिल्या रेषेच्या डावीकडे राहिले तर बरं. रेषा ओलांडली तर सावध व्हायचं, दुसरीपर्यंत पोचली तर काहीतरी करायचं: औषध, सिझेरियन, जे काही डॉक्टर ठरवतील ते.

या दोन रेषांमध्ये चारच तास का? हे मी नंतर शोधलं आणि थक्क झालो. फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी 1972 मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात ही पद्धत मांडली. तिथे दूरच्या लहान केंद्रांत प्रसूती सुईणी करत आणि ऑपरेशनची सोय मोठ्या शहरात होती. पहिली रेषा ओलांडली की सुईणीने बाईला शहराकडे पाठवायचं. दुसरी रेषा येईपर्यंतचे चार तास हे गाडी मिळण्याचे आणि रस्त्याचे. म्हणजे या आलेखात अंतर मोजून घातलेलं आहे, आणि तो पांढुर्ण्याला जितका लागू पडतो तितका नागपूरच्या मेडिकलला पडत नाही, कारण तिथे ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत आहे.

सिस्टरांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर उदाहरण काढून दाखवलं. रात्री दोनला चार सेंटिमीटर. सकाळी सहाला पुन्हा तपासलं, तर आठ असायला हवे होते, आहेत सहा. अलर्ट लाइन कधीच मागे पडली. अ‍ॅक्शन लाइनला उरले दोन तास. आता पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. गाडी बोलवा, नातेवाइकांना समजवा, सासूला विचारा, पैसे गोळा करा. ‘आणि दोनची नोंद जर कोणी सहाला बसून अंदाजाने भरली असली,’ त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, ‘तर मग हा कागद काहीच सांगत नाही.’ सगळ्यांचा कागद वेळेवर भरलेला असतो का, असं मी विचारलं. त्यांनी चहा ठेवायला स्वयंपाकघर गाठलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये हा आलेख बाजूला ठेवून नवा तक्ता आणला. प्रत्येक बाई तासाला एक सेंटिमीटर या वेगाने जात नाही, आणि रेषेच्या धाकाने नको तिथे हस्तक्षेप होतो, हे त्यामागचं कारण. बरोबरच असेल. पण ऑपरेशन थिएटर दोन तासांवर असलेल्या गावात त्या जुन्या तिरप्या रेषेबद्दल मला अजूनही आदर वाटतो.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात असाच आणखी एक साधा कागद शिकवतात: इनटेक-आउटपुट चार्ट. रुग्णाच्या पोटात किती पाणी गेलं आणि बाहेर किती लघवी आली, मिलिलिटरमध्ये. वॉर्डातलं सर्वांत कंटाळवाणं काम म्हणून मुली त्याला नाक मुरडतात. 2025 च्या सप्टेंबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, खोकल्याच्या कोल्ड्रिफ या औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. साध्या सर्दी-तापाची पोरं, आणि त्यांची लघवी बंद होत गेली. त्यांतल्या अनेकांना नागपूरलाच आणलं होतं, आणि कित्येक तिथेच गेली. कंटाळवाण्या चार्टचा विषय निघाला की सिस्टर आता नव्या मुलींना हीच गोष्ट सांगतात.

पुस्तकं इंग्रजीत, सौसर-पांढुर्ण्याकडची शाळा बहुतेकींची हिंदीत, आणि खाटेवरची म्हातारी म्हणते, ‘पोरी, जीव घाबरून रायला, पोटात कयते.’ नागपूरच्या वॉर्डात या मुलींना इथे एक अनपेक्षित फायदा मिळतो: बैतूल-छिंदवाड्याकडचा हिंदी बोलणारा रुग्ण असो की काटोल-नरखेडचा, दोघांशीही त्या घरच्यासारखं बोलतात. डॉक्टर राउंडला आले की ‘सिस्टर, काय म्हणतात या?’ असं त्यांनाच विचारतात. तोंडी परीक्षेत मात्र त्याच मुली इंग्रजीत अडखळतात आणि मार्क गमावतात.

मुली बारावी झाल्यावर नागपूर परवडत नाही म्हणून आपल्याच राज्यात प्रवेश घेतात, तेव्हा पुढे काय होतं, हे सिस्टरांच्या चुलत बहिणीने भोगलं. मध्य प्रदेशात 2020 च्या आसपास नर्सिंग कॉलेजांचं पीक आलं. त्यांतली किती खरी, असा प्रश्न लॉ स्टुडंट्स असोसिएशनच्या जनहित याचिकेने हायकोर्टात नेला. भाड्याच्या जागेतली कॉलेजं, फक्त कागदावरची हॉस्पिटलं, एकाच वेळी अनेक कॉलेजांत नोकरीला असलेले प्राध्यापक, असं एकेक बाहेर आलं. फेब्रुवारी 2023 मध्ये ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांना स्थगिती दिली. सीबीआयने तीनशेहून अधिक कॉलेजं तपासली आणि 169 योग्य ठरवली. मग मे 2024 मध्ये तपास करणाऱ्या सीबीआयच्याच इन्स्पेक्टरला लाच घेताना अटक झाली, आणि ‘योग्य’ ठरलेल्या कॉलेजांचीही पुन्हा तपासणी करायची वेळ आली. त्याच वर्षी राज्याने मान्यतेचे नवे नियम काढले. कौन्सिलला पदवी कॉलेजसाठी वीस हजार चौरस फुटांहून मोठी इमारत लागते. राज्याच्या नियमात आठ हजार चौरस फूट पुरेसे ठरले. तेही कोर्टात गेलं.

या सगळ्यात 2020-21 ला प्रवेश घेतलेली मुलगी वर्षानुवर्षं पहिल्याच वर्षात बसून राहिली. बहिणीची फी भरलेली, हजेरी लागलेली, परीक्षा नाही. घरी स्थळं येत होती. ‘कितव्या वर्षाला आहे?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कागदी कॉलेजातून पास झालेल्या मुलीचं केसबुकही भरलेलंच असतं, सह्याही असतात. पार्टोग्राफवरचे ठिपके मात्र तिने कधी स्वतः मारलेले नसतात, आणि ज्या रात्री ती लेबर रूममध्ये एकटी असते, त्या रात्री हे खाटेवरच्या बाईला कळायचा काही मार्ग नसतो. मला या प्रकरणात सर्वांत जास्त भीती याची वाटते. मुलीचा दोष त्यात सर्वांत कमी आहे.

परीक्षा झाली, पदवी मिळाली, म्हणजे नर्स झाली असं नाही. नावापुढे आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत दाई, ही अक्षरं राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावर लागतात. सिस्टरांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. लग्न होऊन पांढुर्ण्यात आल्यावर त्यांना भोपाळच्या कौन्सिलकडे नोंद बदलून घ्यायची होती, त्यासाठी मुंबईचं ना-हरकत प्रमाणपत्र, पडताळणी, फी, आणि मूळ कागद पोस्टात टाकताना पोटात गोळा. नरखेडचं स्टेशन पांढुर्ण्याजवळच, पण राज्य दुसरं. रुग्णाला आणि संत्र्याला ती हद्द जाणवतही नाही. 2023 मध्ये संसदेने जुना कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रीय नोंदवही त्यात आहे. सिस्टरांनी त्याची वाट पाहिली नाही. एजंटाला पैसे दिले.

पगाराचं मी शेवटी विचारलं, आणि तिथेही खाटाच निघाल्या. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2016 मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली ती खाटा मोजून: 200 हून अधिक खाटांचं खासगी हॉस्पिटल असेल तर सरकारी नर्सइतका पगार, 100 ते 200 असतील तर जास्तीत जास्त दहा टक्के कमी, 50 ते 100 ला पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आत असतील तरी 20,000 रुपयांच्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. इथले बहुतेक खासगी दवाखाने शेवटच्या रकान्यातले. सिस्टरांना आज हातात येणारा आकडा त्यांनी सांगितला, तो 20,000 च्या बराच खाली आहे. शिफारस ठाऊक होती का, असं विचारलं तर म्हणाल्या, ठाऊक होती, मोबाइलवर पीडीएफ आहे.

‘मग?’

‘मग काय काका, दाखवायची कोणाले?’