भाड्याच्या खोलीत कुत्रं ठेवायचंय? आधी विचारा, मग सामान हलवा



गावाकडून कामासाठी शहराकडं जायचं ठरलं की आपण सगळं मोजून-मापून करतो. भांडी बांधतो, पोरांचे शाळेचे दाखले काढतो, शेळी जावेच्या हवाली करतो. दारातल्या कुत्र्याचा विचार मात्र टेम्पो येऊन उभा राहिल्यावर होतो. पोरं रडतात, कुत्रं टेम्पोमागं पळतं आणि कुणीतरी म्हणतं, "घ्या वर, पुढचं पुढं बघू." हे पुढचं म्हणजे घरमालक विचारतात तेव्हा, "हे कुत्रं कुणाचं? आधी का नाही सांगितलं?"

आज आपण यावरच बोलणार आहोत. विषय छोटा वाटेल, पण यात दोन गोष्टी पणाला लागतात. एक आपलं छप्पर आणि दुसरी त्या मुक्या जीवाचं आयुष्य. न विचारता कुत्रं नेलं आणि मालक बिघडले, की आठ दिवसांत दुसरी खोली शोधायची पाळी येते. नाहीतर कुत्र्याला नगर नाक्याच्या पुढं कुठंतरी सोडून यायचं, असं घरातले पुरुष ठरवून टाकतात.

हा विषय आपल्या दोन्हीकडच्या बायकांचा आहे. वाळूज एमआयडीसी उभी राहिली तेव्हापासून रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या गावांत खोल्यांच्या ओळी उठल्या. जमिनी गेलेल्या कितीतरी घरांचं पोट आता खोल्यांच्या भाड्यावर आहे. शेंद्रा आणि बिडकीनकडंही तेच चाललंय. म्हणजे आपल्या गटांत काही जणी भाडेकरू आहेत, तर काही जणी घरमालकीण. दोघींनी ऐकावं असं हे आहे.

मालक नाही का म्हणतात?

आपल्याला वाटतं, मालकांना जीवाची दया नाही. तसं नसतं. याच जिल्ह्यात साताऱ्याच्या खंडोबाला जाणारी माणसं आहेत ही, कुत्र्याला हाड म्हणायचं जिवावर येतं त्यांच्या. पण त्यांच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं.

एका ओळीत आठ-दहा खोल्या, मध्ये एकच अंगण, संडास-मोरी सगळ्यांची मिळून. तिसऱ्या खोलीतला माणूस रात्रपाळी करून सकाळी झोपतो. कुत्रं दिवसा भुंकलं की त्याची झोप जाते आणि तो भांडायला मालकाकडं जातो. पाचव्या खोलीत रांगतं लेकरू आहे. कुत्रं चावलं तर जबाबदार कोण? अंगणात घाण झाली तर धुणार कोण, आणि कुठल्या पाण्यानं? संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, हे आपण सगळ्या जाणतो. शिवाय नख्यांनी ओरबाडलेलं दार, गोचिडं, वास. या सगळ्यात मालकांचं काही चूक नाही. ही त्यांची भीती आहे आणि भीतीला उत्तर दिलं की माणूस ऐकतो.

म्हणून "आमचं कुत्रं काही करत नाही हो" एवढं बोलून भागत नाही. ते वाक्य प्रत्येक मालकानं दहा वेळा ऐकलेलं असतं.

जाण्याआधीची तयारी

पहिलं काम लसीचं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस देतात आणि पुढं डॉक्टर सांगतील तसा डोस दरवर्षी द्यायचा असतो. गावातल्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आपल्या गटातल्या पशुसखीला विचारा, तिची डॉक्टरांशी ओळख असते. लस दिल्याचं कार्ड मागून घ्या. आधारकार्डासारखं जपून ठेवा, कारण मालकांसमोर तेच कामाला येणार आहे.

दुसरं काम नसबंदीचं. कुत्री असेल तर हे फार महत्त्वाचं. भाड्याच्या अंगणात सहा पिल्लं झाली, तर कितीही चांगला मालक असला तरी हात जोडेल. नर असेल तरी नसबंदीनंतर भटकणं आणि भांडणं कमी होतात.

तिसरं काम सवयीचं. गावात कुत्रं मोकळं असतं. शहरात त्याला पट्टा लागतो आणि खोलीत झोपावं लागतं. हे महिनाभर आधी गावातच सुरू करा. पट्टा पाहिला नाही असं कुत्रं एकदम साखळीला बांधलं तर ते रात्रभर रडतं आणि पहिल्याच रात्री आपली तक्रार होते.

चौथं, दिवसा त्याच्याजवळ कोण असेल ते घरात ठरवा. नवरा-बायको दोघंही कंपनीत आणि पोरं शाळेत असतील, तर आठ-दहा तास पत्र्याच्या खोलीत कुत्रं कोंडून ठेवणं बरोबर नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही, तिथं त्या जीवाचं काय होईल? सावलीची जागा आणि पाण्याचं भांडं याची सोय होत नसेल, तर कुत्रं गावातच सासू-सासऱ्यांजवळ ठेवून त्याच्या खर्चाचे पैसे पाठवणं जास्त चांगलं.

विचारायचं कसं?

खोली पसंत पडली, भाडं ठरलं, पण डिपॉझिट दिलं नाही, ही विचारायची वेळ. डिपॉझिट दिल्यावर विचारलं तर आपण अडकलेलो असतो आणि सामान आणल्यावर विचारलं तर मालकांना फसवल्यासारखं वाटतं. फोनवर विचारू नका, समोर बसून बोला. मालक आणि मालकीणबाई दोघंही असतील असं बघा. अंगण झाडायचं काम बहुतेक मालकीणबाईंच्या वाट्याला असतं, त्यामुळं त्यांचा होकार जास्त मोलाचा. असं बोलता येईल:

"काका, काकू, खोली आम्हाला पसंत आहे. पैसे देण्याआधी एक गोष्ट सांगते. आमच्याकडं दोन वर्षांची एक कुत्री आहे. तिची नसबंदी झालेली आहे, रेबीजची लस दिलेली आहे, हे तिचं कार्ड. रात्री ती आमच्या खोलीत झोपेल. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिला पट्ट्यानं बाहेर नेऊ आणि तिची घाण आम्हीच उचलू. दिवसा सासूबाई घरी असतात. तुम्ही एकदा तिला बघा. एक महिना ठेवून बघा. त्रास झाला तर आम्हाला सांगा, आम्ही दुसरी सोय करू."

बघा मैत्रिणींनो, यात विनवणी नाही आणि वादही नाही. मालकांच्या मनातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनी विचारायच्या आधीच दिलेलं आहे. आधी कुठं भाड्यानं राहिला असाल तर त्या मालकांचा फोन नंबर द्या. नसेल तर बचत गटाच्या अध्यक्ष-सचिवांचं दोन ओळींचं पत्र न्या. ही ताई आमच्या गटात आहे, हप्ता वेळेवर भरते, शब्दाला पक्की आहे, एवढं लिहिलेलं पुरतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. अकरा महिन्यांचा करार असला तरी हे लागू आहे. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही तोवर. म्हणून घरमालकीण ताईंनो, कागद करण्यात तुमचाही फायदा आहे.

बऱ्याच जणी विचारतात की कुत्रं पाळायला कुणी बंदी करू शकत नाही ना? इथं नीट समजून घ्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. रहिवासी सोसायटीला सभासदांवर कुत्रं पाळण्याची सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. पण ती गोष्ट सोसायटीची. आपण खोली भाड्यानं घेतो तेव्हा मालक करारात प्राणी न ठेवण्याची अट घालू शकतात. त्या अटीवर सही केली तर ती पाळावी लागते. म्हणून सही करण्याआधी करार वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या.

आणखी एक. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम ११ प्रमाणं पाळलेलं जनावर भुकेनं-तहानेनं तडफडेल अशा परिस्थितीत विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. आखूड साखळीनं तासन् तास बांधून ठेवणं हाही गुन्हाच. आणि आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणं मालकाला शिक्षा होऊ शकते. इथं मालक म्हणजे घराचा नाही, कुत्र्याचा. म्हणजे आपण.

होकार मिळाला तर कागदावर घ्या

तोंडी "चालेल" पुष्कळ वेळा दोन महिन्यांनी "मी कुठं म्हटलं?" होतं. करारातच एक ओळ घालून घ्या. ते जमत नसेल तर साध्या कागदावर एवढं लिहा:

भाडेकरू खोलीत एक कुत्री ठेवतील. दुसरा प्राणी आणणार नाहीत. दरवर्षी लसीचं कार्ड मालकांना दाखवतील. अंगणातली घाण स्वतः साफ करतील. दार, भिंत, नळ यांचं कुत्रीमुळं नुकसान झालं तर भरून देतील. तक्रार आली तर मालक आधी भाडेकरूंना सांगतील आणि सुधारायला पंधरा दिवस देतील. तरीही त्रास थांबला नाही तर भाडेकरू एका महिन्यात कुत्रीची दुसरी सोय करतील.

खाली तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. एक प्रत त्यांच्याकडं, एक आपल्याकडं. जास्तीचं डिपॉझिट मागितलं तर तो आकडाही लिहा आणि खोली सोडताना ते कधी परत मिळेल तेही लिहा.

राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस फार जपा. शेजारणींना आपणहून भेटा. लेकरांना सांगा की कुत्री जेवत असताना जवळ जायचं नाही. अंगण धुवायला भांड्या-कपड्यांचं शेवटचं पाणी वापरा. आणि कुणालाही, आपल्या कुत्रीचा का होईना, दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, शहरात असाल तर घाटीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळं "पाळलेलंच तर आहे" म्हणून वाट बघू नका.

आणि नाही म्हणाले तर?

नाही म्हणण्याचा हक्क मालकांना आहे. कारण विचारा. भुंकण्याची भीती असेल तर महिनाभर बघा म्हणा. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर विषय सोडा. लपवून मात्र नेऊ नका. दहा खोल्यांच्या ओळीत कुत्रं लपत नाही. आपल्या गटातल्या एका ताईनं तीन ठिकाणी नकार ऐकला आणि चौथ्या ठिकाणी तिला कोपऱ्यातली, भिंतीला लागून असलेली खोली मिळाली. भाडं दोनशे रुपये जास्त, पण लपवाछपवी नाही.

घरमालकीण ताईंनो, तुम्हाला एवढंच सांगणं. नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणा. हो म्हणायचं असेल तर चार गोष्टी विचारा: लस झाली का, नसबंदी झाली का, दिवसा जवळ कोण असतं, घाण कोण उचलणार. चारही उत्तरं नीट आली तर ते कुटुंब खोलीही नीट ठेवील, असं समजायला हरकत नाही. रात्री अंगणात कोण आलं हे सांगणारं कुणीतरी असेल, तो फायदा वेगळाच.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाच्या घरी कुत्रं आहे, लस कुणाची राहिली आहे, याची यादी करा. पाच-सात कुत्री झाली की पशुसखीला सांगून डॉक्टरांना एकाच दिवशी गावात बोलवा. कामाला बाहेर जायची वेळ कुणावर कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा लसीचं कार्ड तयार असलं म्हणजे झालं.