व्यापारी कायदा की व्यवस्थापन? एका निवडीचा विचार



ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते गुरुजी उत्तर ऐकण्यापूर्वी प्रश्न नीट मांडावयास लावीत. त्याच शिकवणीला अनुसरून मी आज एकच प्रश्न आपणांपुढे ठेवतो. पदवी हाती आल्यावर व्यापारी कायद्यातील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की एम. बी. ए. करावे? पालक हा प्रश्न बहुधा ‘यांतील मोठे कोणते?’ अशा रूपात विचारतात. माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे.

आपल्याच दोन तालुक्यांचा अनुभव पाहू. डिचोलीच्या खाणींचा हक्क पोर्तुगीज अमदानीतील परवान्यांतून आला. १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिला. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. खनिजाला गिऱ्हाईक होते, नदीत बार्ज होते, दारात कर्जाने घेतलेले ट्रक होते. व्यवहाराचे गणित जुळत होते. परंतु ज्या हक्कावर ते उभे होते, तो हक्कच उरला नव्हता. डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि तेथील काम २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले.

म्हणून कायदाच श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल. पण पट्टा रद्द झाला हे अचूक सांगणारा कायदेपंडित थांबलेल्या ट्रकाचा हप्ता कसा फेडावा, कामगारांना कोणते दुसरे काम द्यावे, हे सांगू शकतोच असे नाही. तो विचार व्यवस्थापनाचा आहे.

पेडण्यातील मोपा विमानतळाची कथा हेच दुसऱ्या बाजूने सांगते. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. तोवर सारा भार कायद्यावर होता. जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू होताच प्रश्न पालटले: प्रवासी किती, माणसे किती, खर्च भरून कसा निघेल? तात्पर्य, ‘हे करता येईल काय, आणि बिघडल्यास जबाबदार कोण?’ हा कायद्याचा प्रश्न. ‘हे करणे परवडेल काय, आणि कोणाकडून कसे करून घ्यावे?’ हा व्यवस्थापनाचा.

आता या दोन वाटांचे व्यावहारिक रूप पाहू. एल्एल. एम. साठी आधी एल्एल. बी. असावी लागते. अन्य शाखेच्या पदवीधराला एल्एल. बी. ची तीन वर्षे आणि त्यापुढे एल्एल. एम. चे एक किंवा दोन वर्ष, असा हिशेब पडतो. एम. बी. ए. ला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि साधारणतः दोन वर्षे लागतात. ज्या घरात मोठ्या मुलाच्या मिळकतीकडे धाकट्या भावंडांचे डोळे लागलेले असतात, तेथे हा फरक लहान नव्हे.

दुसरी गोष्ट अशी, की वकिली करण्यासाठी एल्एल. एम. ची गरज नाही. एल्एल. बी., सनद आणि वकिलांची अखिल भारतीय परीक्षा एवढे त्यास पुरते. एल्एल. एम. उपयोगी पडते ते एखाद्या विषयात खोल जाण्यास आणि अध्यापनास. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करली तर तेवढा काळ वकिली बंद ठेवावी लागते, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट नावांच्या घोटाळ्याची. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने दूरशिक्षणाने चालविलेल्या ‘मास्टर ऑफ बिझनेस लॉज’सारख्या अभ्यासक्रमांना एल्एल. बी. लागत नाही. नोकरीत असलेल्याला करार, कंपनी कायदा समजून घेण्यास ते उपकारक आहेत. पण त्यांतून सनद मिळत नाही. तद्वत १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेली आणि आता साखळीजवळ पर्ये येथे असलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देते, एम. बी. ए. ही पदवी बहुधा विद्यापीठाची असते. म्हणून पदविकेला कमी लेखू नये आणि नुसत्या पदवीच्या नावाला भुलूही नये. संस्थेची मान्यता आणि तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणते काम करतात, याची चौकशी आधी करावी.

मग निवड कशी करावी? शुल्क भरण्यापूर्वी एक महिना एखाद्या वकिलाच्या कार्यालयात बसून पाहा आणि एक महिना एखाद्या दुकानाचा वा कारखान्याचा हिशेब सांभाळून पाहा. कराराचे एक कलम चौथ्यांदा वाचतानाही ज्याचे मन लागते, त्याने कायद्याकडे वळावे. दहा माणसांची तोंडे दहा दिशांना असताना त्यांच्याकडून काम करून घेण्यात ज्याला समाधान वाटते, त्याने व्यवस्थापन घ्यावे. ज्याला यांपैकी काहीच उमगलेले नाही, त्याने कर्ज काढून दोन्हींपैकी काहीही करू नये. दोन वर्षे नोकरी करावी आणि मग ठरवावे. उशिरा घेतलेला निर्णय सुधारता येतो. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

पालकांना एवढीच विनंती, की शेजाऱ्याच्या मुलाने काय केले यावरून आपल्या मुलाची वाट ठरवू नका. डिचोलीने आणि पेडण्याने आपल्याला दाखविले आहे, की या भूमीला दोन्ही प्रकारची माणसे हवी आहेत. आपले मूल त्यांपैकी कोणते, हे पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते; ते त्याच्या रोजच्या कामात दिसते. प्रश्न असा मांडला, तर उत्तर मुलालाच सापडेल. गुरुजींनाही हेच रुचले असते, असे मला वाटते.